लाइन गेली तरी पिकल फाइल शाबूत
हिंगणघाट-वणीकडे कापसाच्या काट्यावर पायथॉनमधला हिशेब चालवत असाल, तर 'पिकल'ने (पायथॉनमधला डेटा जसाच्या तसा फाइलीत साठवणारं मॉड्यूल) ऑब्जेक्ट, म्हणजे तुमच्या हिशेबाचा डेटा, थेट जुन्या फाइलवर सेव्ह करू नका. 'डब्ल्यूबी' (बायनरी लिहिण्याच्या) मोडमध्ये फाइल उघडताक्षणी आधीचं सगळं पुसलं जातं. तेवढ्यात लाइन गेली की जुनंही गेलं आणि नवंही. अन् खेड्यात लाइनीचा भरवसा कोण देणार? म्हणून त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाच्या फाइलीत डम्प करा (म्हणजे डेटा लिहा), फ्लश आणि एफसिंक करून (म्हणजे तो खरोखर डिस्कवर उतरवून) ती बंद करा, मगच 'ओएस डॉट रिप्लेस'ने तिला मूळ नाव द्या. तात्पुरती फाइल वेगळ्या ड्राइव्हवर असेल तर हे जमत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी माणसाकडून आलेली पिकल फाइल मात्र कधीच लोड करू नका; लोड होतानाच तिच्यातला कोड चालू शकतो. नुसते वजन-भाव पाठवायचे असतील तर जेसन (साध्या मजकुरात डेटा लिहिण्याचा फॉरमॅट) बरं.