दगडखाणीत झाडं लावताय? आधी जाळरेषा लिहा

नवी मुंबईत तुर्भे-शिरवण्याकडच्या बंद पडलेल्या दगडखाणीत यंदा देशी झाडं लावायची असतील, तर यादीत सगळ्यात वर जाळरेषा लिहा, म्हणजे आग अडवायला लागवडीभोवती गवत कापून मोकळा ठेवलेला पट्टा. गेल्या वेळी आमच्या यादीत नेमकी तीच नव्हती. पावसाळाभर छान वाढलेली रोपं होळीच्या आधीच जळाली.

जागा वनखात्याची की सिडकोची ते बघून लेखी परवानगी घ्या. टोप्या, हातमोजे, पाणी हे सांगायला नको.

खाणीचा तळ म्हणजे उघडा काळा पाषाण, त्यावर डंपरच्या चाकांनी दाबून बसलेला क्रशरचा चुरा. पहिल्या सरींत या चुऱ्याची खपली धरते आणि पाणी आत मुरत नाही. म्हणून मे महिन्यातच पहारीने ती फोडा. खड्डा झाला की त्यात बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही ते तसंच दिसलं तर खाली भेग नाही, तो खड्डा सोडा. जुलैत तिथे मुळं कुजणारच. मातीसाठी खाणीच्या काठावर फिरा. खणताना खरवडलेल्या मूळ मातीचा ढीग बऱ्याचदा तिथेच पडलेला असतो आणि त्यात इथल्या गवताचं बी असतं. खाडीचा गाळ फुकट मिळाला तरी घेऊ नका, खारट असतो. राडारोडा तर नकोच.

झाडांत धायटी पहिली, ती कातळातच रमते. मग कुडा, करवंद, पळस, काटेसावर, कांडोळ. मोई आणि पांगाऱ्याच्या फांद्या जूनमध्ये खोचल्या तरी जीव धरतात. उंबर-पिंपळ पाखरं आणतील. गिरिपुष्प, सुबाभूळ अजिबात नको; लवकर हिरवं दिसतं म्हणून लोक लावतात आणि मग सुबाभूळ बी टाकत सगळी जागा बळकावतं. रोप दोन फुटांचं पुरे. उंच रोपाची मुळं पिशवीत गोल फिरलेली असतात.

आता पुन्हा जाळरेषा. इथे वर्षाला २,५०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, गवत कमरेएवढं होतं आणि डिसेंबरपर्यंत पार वाळतं. एक विडी पुरते. दिवाळी झाली की लागवडीभोवती निदान दहा फुटांचा पट्टा जमिनीपर्यंत कापा आणि कापलेलं गवत उचलून बाहेर न्या. तिथेच टाकलं तर कापून उपयोग काय? पायवाटेच्या बाजूने पट्टा आणखी रुंद ठेवा, आग बहुतेक तिथूनच येते. आळ्यात पालापाचोळा घालू नका, तोही पेटतो; खाणीतलेच चपटे दगड रोपाभोवती मांडा, ओल टिकते. जाळरेषेची मजुरी रोपं घ्यायच्या आधीच बाजूला काढून ठेवा. नंतर पैसे उरत नाहीत.

उन्हाळ्यात आठवड्याला एक पाणी, निदान दोन वर्षं. टँकर वर चढत नाही, ड्रम आधी चढवा. गुरांसाठी काटेरी कुंपण. मेलेल्या रोपांच्या जागी जूनमध्ये नवी. फेब्रुवारीत जाळरेषा परत साफ करा, आणि धूर दिसला की लगेच १०१ लावा.