लॉगचं घातात करताना माझा पाया नेहमी घसरायचा, तो घोळ असा सुटला

अकरावीत लॉग (लॉगॅरिदम) आला न माझं डोकंच बंद. लॉग, खाली पाया ३, समोर ८१, बरोबर एक्स, हे घातात लिहायचं तर मी टेस्टमध्ये बिनधास्त ८१ चा ३ रा घात लिहून आलो, तेही एकदा नाही, चार गणितांत! मार्क किती पडले ते विचारू नका.

रविवारी महाल भागातून मामा आले, सावजी मटण हाणून झालं न मी वही काढली. मामा म्हणाले, "काहून रट्टा मारून राह्यला बे, लॉग म्हणजे नुसता घात. विचार, ३ चा कितवा घात ८१?" ३, ९, २७, ८१... बोटं मोजली, ४. म्हणजे पाया इकडं पण पाया न तिकडं पण पायाच, त्याला हात लावायचा नाही, लॉगचं उत्तर उचलून त्याच्या डोक्यावर ठेवायचं, उरला आकडा बरोबरच्या पलीकडे.

आता लॉग पाया २, समोर (एक्स - ३), बरोबर ४ दिसलं की थेट २ चा ४ था घात, १६, म्हणजे एक्स - ३ बरोबर १६, म्हणून एक्स १९. उलटं, ५ चा एक्स घात ४० असेल तर एक्स म्हणजे लॉग ४० भागिले लॉग ५, साधारण २.२९. ४० हा २५ न १२५ च्या मधात आहे, म्हणून उत्तर पण २ न ३ च्या मधातच पाहिजे, एवढं तपासतोच.

फक्त कॅल्क्युलेटरवर वर लॉग न खाली एलएन दाबू नका, एकाचा पाया १०, दुसऱ्याचा ई (साधारण २.७१८). मी दाबलंय.