‘संघर्ष’ शिकवायचाय? आधी हामिदचे तीन पैसे मोजा

‘कथेतील संघर्ष’ हा घटक आला की नवे शिक्षक बहुतेक वेळा फळ्यावर यादी लिहितात : माणूस विरुद्ध माणूस, विरुद्ध निसर्ग, विरुद्ध समाज, विरुद्ध स्वतः. मुलं ती पाठ करतात आणि पुढे प्रत्येक कथेत खलनायक शोधत बसतात. मुळात ‘संघर्ष’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे मोर्चा नाहीतर मारामारी येते. म्हणून पहिल्या तासिकेत हा शब्द उच्चारूच नये.

सुरुवातीला प्रेमचंदांची ‘ईदगाह’ (१९३३) घ्यावी. ईदच्या जत्रेत सोबतची मुलं खेळणी घेतात, गरीब हामिद मात्र घासाघीस करून तीन पैशांत आजीसाठी चिमटा आणतो, ती ही कथा. आठवी-नववीच्या मुलांना ती पेलते आणि तिच्यात खलनायक नाही, ही मोठी सोय. कथा सलग वाचू नका. तीन ठिकाणी थांबा.

पहिला थांबा मुलं आपापले पैसे मोजतात तिथे. महमूदकडे बारा, मोहसिनकडे पंधरा, हामिदकडे तीन. आकडे फळ्यावर लिहा आणि वर्ग संपेपर्यंत पुसू नका. दुसरा थांबा खेळण्यांच्या दुकानापाशी. खेळणं दोन पैशांना, चक्राचे पंचवीस फेरे एका पैशात, हेही लिहा. हामिद म्हणतो, मातीची खेळणी, पडली की फुटतील. इथे विचारा : त्याला खरंच तसं वाटतं, की तो मनाची समजूत घालतोय? तिसरा थांबा चिमट्याच्या दुकानात, दुकानदार सहावरून पाचावर येतो त्या क्षणी. वह्या मिटायला लावा आणि प्रत्येकाकडून एक वाक्य लिहून घ्या : ‘हामिदला ... हवं आहे, पण ...’

निम्म्याहून अधिक वह्यांत ‘पण पैसे नाहीत’ असंच येईल. चूक म्हणून खोडू नका, फळ्याकडे बोट दाखवा. तीन पैसे आहेत; एक खेळणं आणि चक्राचे फेरे, दोन्ही बसतात. मग अडतंय कुठे? आजीची बोटं तव्याशी भाजतात, ही आठवण अडवते. गरिबी ही परिस्थिती झाली. जत्रेची हौस आणि ती बोटं यांतली ओढाताण हा संघर्ष. हा फरक व्याख्येने कळत नाही, बेरजेने कळतो.

दुसरी चूक हमखास होते. चिमटा घेतल्यावर कथेतल्या मुलांची वादावादी होते, चिमटा श्रेष्ठ की मातीचा शिपाई. भांडण दिसलं की विद्यार्थी तिथेच खूण करतात. त्यासाठी ‘काढून पाहा’ ही कसोटी वापरा. चारचारच्या गटांना दोन बदल द्या : एका गटाने वादावादी गाळायची, दुसऱ्याने हामिदच्या खिशात पंधरा पैसे टाकायचे. वादावादी गाळली तर गंमत कमी होते, कथा उभी राहते. पंधरा पैसे दिले तर चिमटाही येतो, खेळणंही येतं. निवडायचं काही उरतच नाही. दुसऱ्या तासिकेची वीस मिनिटं यालाच द्या.

‘हामिद किती गुणी!’ हे वाक्य शिक्षकानेच लवकर बोलून टाकलं की वर्ग संपला म्हणून समजा. गुणी मुलाला मोह होत नाही असं मुलं धरून चालतात, आणि मोह नसेल तर ओढाताण कसली?

आता प्रकारांची यादी आणा, पण लगेच तिला धक्काही द्या. जॅक लंडनच्या ‘टू बिल्ड अ फायर’मध्ये (१९०८) कॅनडातल्या युकॉनची जीवघेणी थंडी आहे, मुलं ‘निसर्ग’ लिहून मोकळी होतात. पण तो माणूस जाणत्याचा सल्ला धुडकावून एकटा निघतो, बर्फाने लदलेल्या झाडाखाली शेकोटी पेटवतो आणि वरचा बर्फ पडून ती विझते. यात निसर्ग किती आणि घमेंड किती, एवढ्यावर दहा मिनिटं सहज जातात.

अकरावी-बारावीला बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ घेणार असाल तर प्रश्न कथेतल्या निवेदकापुरते ठेवा. तो गप्प का राहतो, बोलला तर काय गमावेल? ‘तुमचा असा अनुभव सांगा’ असं भर वर्गात विचारू नये; त्याला जे लपवावं लागतं, तेच एखाद्या विद्यार्थ्याला चारचौघांत उघड करायला लावण्यासारखं ते होतं.

तपासताना संघर्षाच्या प्रकाराला एकच गुण द्या. उरलेले चार असे वाटा : पात्राला काय हवं याला एक, काय आड येतं याला एक, आणि निवड करताना त्याने काय सोडलं याला दोन. कोरी राहते ती बहुधा ही शेवटचीच जागा.