हर्णैच्या बर्फावर १९६४चं इन्सब्रुक कसं शिकवावं

माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी बर्फ रोजचाच. बंदरावर लादी फुटते, तिचा चुरा होतो, तो कोळंबीवर नि पापलेटावर पडतो आणि बोटीच्या खणात जातो. असं असूनही हिवाळी ऑलिम्पिक म्हटलं की हीच मुलं गप्प होतात. त्यांना वाटतं, ते आपलं नव्हे. म्हणून सातवीच्या वर्गावर हा तास मी मन लावून घेते, आणि तोही इन्सब्रुकवरच. ऑस्ट्रियातल्या या गावात २९ जानेवारी ते ९ फेब्रुवारी १९६४ या काळात स्पर्धा झाल्या, ३६ देश आले, आणि ऐन वेळी बर्फच पडला नाही. किनाऱ्यावरच्या शाळेत शिकवायला याहून चांगली गोष्ट मला तरी सापडलेली नाही.

आदल्या संध्याकाळी बर्फाच्या कारखान्यात एक लादी सांगून ठेवा. सकाळी पहिल्या तासालाच आणा, गोणपाटात गुंडाळून, वर भाताचा तूस घालून. पहिल्या वर्षी मी मधल्या सुट्टीनंतर आणली होती. पदकांची नावं फळ्यावर लिहून होईपर्यंत अर्धी लादी व्हरांड्यात वाहून गेली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग त्यांचा बर्फ कसा टिकला?" तेव्हापासून मी तास याच प्रश्नाने सुरू करते. पदकं नंतर.

उत्तर देण्याआधी शब्द वेगळे करा. मराठीत आपण दोन्हींना बर्फच म्हणतो, तिथेच मुलं अडतात. लादी म्हणजे गोठलेलं पाणी, आणि आभाळातून भुरभुरत पडतं ते हिम. लादीचा एक कोपरा फोडून गोळेवाल्यासारखा किसा आणि प्रत्येकाच्या मुठीत थोडा कीस द्या. दाबायला सांगा. क्षणात त्याचा कडक गोळा होतो. स्कीच्या उताराला असं चोपलेलं हिम लागतं, तर बॉबस्लेडच्या, म्हणजे बर्फाच्या घसरणीवरून बसून हाकायच्या गाडीच्या, ट्रॅकला लादीसारखा टणक बर्फ. हे हाताला कळलं की पुढचं सांगायला सोपं जातं. थंडी आणि हिमवर्षाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच सांगून टाका. गारठा असला तरी ढगांनी साथ दिली नाही तर हिम पडत नाही. इन्सब्रुकला हिमच न पडल्याने उतार उघडे पडले होते.

मग ऑस्ट्रियाचं सैन्य कामाला लागलं. बॉबस्लेड आणि ल्यूजच्या (पाठीवर झोपून घसरायच्या छोट्या गाडीच्या) ट्रॅकसाठी २०,००० लाद्या वाहिल्या, स्कीच्या उतारांवर ४०,००० घनमीटर हिम नेऊन टाकलं आणि हातापायांनी चोपून बसवलं. हे आकडे नुसते वाचून दाखवू नका. ज्यांच्या घरी बोट आहे त्यांना विचारा, एका फेरीला किती लाद्या भरता? ती संख्या फळ्यावर लिहा आणि २०,००० ला तिने भागायला लावा. हिमासाठी आपलं ब्रासचं माप घ्या. ब्रास म्हणजे १०० घनफूट आणि घनमीटर म्हणजे साधारण ३५.३ घनफूट. हिशेब १४,००० ब्रासच्या वर जातो. दोन ब्रासच्या गाडीने तेवढी वाळू आणायची तर सात हजारांहून जास्त फेऱ्या! ज्यांच्या दारात नुकतं घर बांधून झालंय, ती मुलं हा आकडा ऐकून थक्क होतात.

यानंतर मैदानात चला. पोफळीच्या पडलेल्या रुंद विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाच्या पसरट साली, मी आदल्या दिवशीच गोळा करून ठेवते. विरीवर बसून ओढत नेण्याचा खेळ इथल्या प्रत्येक पोराने खेळलेला असतो. आता त्याच विरीवर पाठीवर झोपायला सांगा, पाय पुढे, मान किंचित वर. ल्यूज ती हीच, आणि ऑलिम्पिकमध्ये ती पहिल्यांदा आली इन्सब्रुकलाच. मनालीजवळ वाढलेला शिवा केशवन १९९८ साली जपानमधल्या नागानोच्या ऑलिम्पिकला भारताकडून ल्यूजमध्ये उतरला तेव्हा तो १६ वर्षांचा होता, आणि सराव त्याने चाकं लावलेल्या गाडीवर डोंगरातल्या रस्त्यांवर केला होता. भारताचं हिवाळी ऑलिम्पिकमधलं पदार्पणही १९६४चंच. पोलिश वंशाचे जेरेमी बुजाकोव्स्की एकटेच आपल्याकडून स्कीइंगला उतरले होते.

स्पर्धेच्या आधी सरावात दोघांचा जीव गेला, ऑस्ट्रेलियाच्या एका स्कीपटूचा आणि ब्रिटनच्या एका ल्यूजपटूचा. हे लपवू नका. दर्यावर माणसं गमावलेल्या घरांतली मुलं आहेत ही. सांगून झाल्यावर थोडा वेळ गप्प राहा.

स्केटिंगमध्ये सोव्हिएत संघाच्या लिडिया स्कोब्लिकोवाने ओळीने चार दिवसांत चार सुवर्णपदकं मिळवली. फ्रान्सच्या ग्वाशेल बहिणींनी स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या खांबांमधून वळत उतरायच्या स्कीच्या शर्यतींमध्ये पहिला-दुसरा क्रमांक आपसांत वाटून घेतला, एकदा थोरली पुढे, एकदा धाकटी. एवढं पुरे, कारण उरलेला वेळ मी एका बोल्टसाठी राखून ठेवते.

हा बोल्ट खरोखरच हातात हवा. बंदरावरच्या मेकॅनिककडून मागून आणा, ग्रीस लागलेला असला तरी चालेल, आणि मुलांमध्ये फिरवा. इटलीचा एउजेनिओ मोंती बॉबस्लेडमधला अव्वल खेळाडू. १९५६च्या हिवाळी ऑलिम्पिकला त्याला दोन रौप्यपदकं मिळाली. १९६०ला अमेरिकेतल्या स्क्वॉ व्हॅलीत ट्रॅकच बांधला नव्हता, त्यामुळे बॉबस्लेडचा खेळच झाला नाही. म्हणजे इन्सब्रुकला तो सुवर्णासाठी आठ वर्षं थांबून आला होता. दोघांच्या शर्यतीत ब्रिटनच्या टोनी नॅश आणि रॉबिन डिक्सन यांच्या गाडीचा मागच्या आसाचा बोल्ट तुटला. मोंतीने आपली फेरी संपताच स्वतःच्या गाडीचा बोल्ट काढून त्यांना दिला. ब्रिटन पहिलं आलं, मोंती तिसरा. नॅश बोल्टमुळे नव्हे तर वेगामुळे जिंकला, असं मोंती नंतर म्हणाला. खिलाडूवृत्तीसाठीचं कुबर्टिन पदक सर्वांत आधी त्याला मिळालं. सुवर्ण मात्र १९६८ला फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ऑलिम्पिकमध्ये आलं, एक नव्हे दोन, वयाच्या चाळिसाव्या वर्षी.

इथे मी थांबते आणि विचारते, तुमच्या बोटीचा कुठला भाग कधी कुणाला दिलाय, किंवा घेतलाय? हात पटापट वर होतात. कुणी पंख्याचं सांगतं, कुणी डिझेलच्या पाइपचं. ते वहीत लिहायला सांगा, घरी नाखवाला विचारून.

लादीचा उरलेला तुकडा कुंपणाकडच्या आंब्याखाली टाकू नका, मोहोराच्या दिवसांत मी मुळांशी गार पाणी साचू देत नाही. विऱ्याही ठेवू नका. सुकल्या की त्या कडेने चिरतात आणि झोपणाऱ्याच्या पाठीला लागतात, पुढच्या वर्षी ताज्या आणा. बोल्ट तेवढा आठवणीने मेकॅनिकला परत द्या.