दिवस, महिना आणि वर्ष या तीन कॉलमांतून एक तारीख कशी तयार करावी

निफाड-दिंडोरी भागातील द्राक्षबागांच्या वह्या संगणकावर चढवताना छाटणीचा दिवस, महिना आणि वर्ष बहुधा तीन वेगळ्या कॉलमांत भरले जातात. बागेतील फवारणीपासून विरळणीपर्यंतची कामे छाटणीपासूनच्या दिवसांवर ठरत असल्यामुळे, या तिन्हींची एक तारीख झाल्याशिवाय त्या नोंदींवर हिशेब करता येत नाही. येथील कृती पोस्टग्रेस या डेटाबेससाठी आहे.

टेबलात डेट प्रकारचा एक नवा कॉलम जोडावा.

तारीख तयार करण्यासाठी मेक_डेट हे फंक्शन वापरावे आणि त्याला वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने आकडे द्यावेत. आकडे नुसते एकापुढे एक चिकटवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मुळीच मानू नये, कारण 11 जानेवारी 2023 आणि 1 नोव्हेंबर 2023 या दोन्हींचे त्यात 2023111 असेच होते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमधील मेकडेटच्या नावावरही जाऊ नये. ते वर्ष आणि त्या वर्षातील कितवा दिवस, एवढेच घेते.

मला सर्वाधिक झगडावे लागले ते चुकीच्या ओळींशी. हजारो ओळींत एके ठिकाणी 31 सप्टेंबर असला, तरी मेक_डेट त्रुटी देते आणि संपूर्ण अपडेट थांबते. अशा ओळी व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी निवडण्याच्या अटींत गाळाव्यात, असे सांगितले जाते. परंतु व्हेअरमधील अटी कोणत्या क्रमाने तपासल्या जातील याची हमी पोस्टग्रेस देत नाही, त्यामुळे दिवस तपासण्यासाठी तेथे मेक_डेट वापरले, तर चुकीची ओळ दुसऱ्या अटीने गाळण्याआधीच ते चालू शकते. म्हणून केस, म्हणजे अट खरी असेल तरच पुढचे काम करणारी रचना, एकात एक अशी दोनदा लिहावी. बाहेरच्या केसमध्ये वर्ष चार अंकी आणि महिना 1 ते 12 मध्ये आहे का ते पाहावे. आतल्या केसमध्ये त्या महिन्याच्या 1 तारखेत एक महिना मिळवून एक दिवस वजा करावा, म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस मिळतो आणि लीप वर्षाचा प्रश्नही सुटतो. दिवस 1 पासून तिथपर्यंत असेल तरच तारीख तयार करावी, अन्यथा नल, म्हणजे रिकामे ठेवावे.

दोन अंकी वर्ष याहून घातक आहे, कारण 23 दिल्यास कोणतीही त्रुटी न येता इसवी सन 23 ची तारीख तयार होते. त्यात 2000 मिळवण्यापूर्वी वही पाहावी. एक्सेलमध्ये तारखा आधी जुळवून आणणेही टाळावे. तेथील डेट फंक्शन 31 सप्टेंबरचा गुपचूप 1 ऑक्टोबर करते.

दिवस नोंदलेला नसेल तर तेथे 1 भरू नये. ऑक्टोबर छाटणी 20 तारखेला झाली असेल, तर पुढची प्रत्येक मोजणी 19 दिवसांनी चुकते. रिकामी तारीख त्यापेक्षा प्रामाणिक असते.

शेवटी नल राहिलेल्या ओळींची यादी काढून ती मूळ वहीशी ताडावी आणि यादी संपेपर्यंत जुने तीन कॉलम काढू नयेत.