मनोरुग्णालय म्हणजे समाज? चित्रपटांवर लिहिताना या चुका टाळा

सर्वांत जुनाट चूक म्हणजे समीकरण मांडून मोकळे होणे: इस्पितळ म्हणजे समाज, परिचारिका म्हणजे सत्ता, रुग्ण म्हणजे जनता. इंदूरच्या रामबागेत आमच्या चित्रपट मंडळात एका तरुणाने ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’ (१९७५) या चित्रपटावर असाच निबंध आवेशाने वाचला. तेव्हा एका निवृत्त परिचारिका काकूंनी विचारले, “अरे, पण मॅच बघायची की नाही, यावर मते किती पडली?” त्याला सांगता येईना, कारण त्याने चित्रपटाचा दहा मिनिटांचा सारांश मोबाइलवर उरकला होता.

खरी मेख त्या मतदानातच आहे. बेसबॉलचा सामना टीव्हीवर पाहता यावा म्हणून बंडखोर रुग्ण मॅकमर्फी नऊ हात वर करवून घेतो, तेव्हा कक्षाची मुख्य परिचारिका रॅचेड आवाज न चढवता सांगते की कक्षात अठरा रुग्ण आहेत, म्हणजे बहुमत झालेले नाही. ज्यांना प्रश्नही कळत नाही अशा रुग्णांच्या तो विनवण्या करतो आणि अखेर त्यांच्यातल्या चीफ ब्रॉमडेनचा हात वर होतो, पण तोवर सभा संपल्याचे जाहीर झालेले असते. ज्याने गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा पाहिली आहे, त्याला हा डाव समजावून सांगावा लागत नाही. पुढे तर कळते की बहुतेक रुग्ण स्वेच्छेने दाखल झालेले आहेत. मग ‘बिचारी जनता’ उरते कुठे?

मी जुन्या कालनिर्णयच्या पानामागे एवढेच टिपतो: किल्ल्या कोणाकडे आहेत, परवानगी कोण कोणाकडे मागतो, वेळापत्रक कोण ठरवतो. घाईतल्या मंडळींना हे कंटाळवाणे वाटते, त्याला माझा इलाज नाही.

‘वेडेच खरे शहाणे’ हा निष्कर्षही आवरावा. ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी’ (१९२०) मध्ये कथा सांगणारा रुग्ण निघतो आणि ज्याच्यावर त्याचा आरोप असतो तो मनोरुग्णालयाचा संचालक. तिथे कोणाच्या साक्षीवर विसंबणार?

‘खामोशी’ या हिंदी चित्रपटात (१९६९) समाज शोधण्याआधी, रुग्णाला बरे करण्यासाठी परिचारिकेला प्रेमाचे नाटक करायला लावणाऱ्या डॉक्टरांच्या प्रयोगाची किंमत परिचारिका राधा कशी मोजते, ते पाहावे.

अशा चित्रपटांतले विजेच्या झटक्यांचे दृश्य आजच्या उपचारांचे वर्णन म्हणून वापरू नये. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय असे उपचार करण्यास भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई आहे.