चंद्रावरून कमी वारंवारितेचं आकाश ऐकायचं, तर आधी लँडर गप्प करा

अवकाशातून येणाऱ्या, साधारण १० मेगाहर्ट्झच्या खालच्या रेडिओ लहरी पृथ्वीचं आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) बाहेरच्या बाहेर परतवतं. त्या पकडायच्या तर चंद्र गाठावा लागतो, आणि शक्य असेल तर त्याची पलीकडची बाजू. अलीकडच्या बाजूला पृथ्वीवरची शॉर्टवेव्ह प्रसारणं थेट अँटेनावर येतात. २०२४ मध्ये चंद्रावर उतरलेल्या ओडिसियस लँडरवरच्या रोलसेस या रेडिओ उपकरणाने ती नोंदवलीही.

लक्ष्य ठरवण्याआधी वेळेचा हिशोब करा. आकाशगंगेच्या रेडिओ गोंगाटाचं तापमान १० मेगाहर्ट्झला सुमारे ३.३ लाख केल्विन, ३० मेगाहर्ट्झला सुमारे १९ हजार. १ मेगाहर्ट्झ पट्ट्यात १० मिलिकेल्विनच्या अचूकतेपर्यंत पोचायला ३० मेगाहर्ट्झवर ४२ दिवस पुरतात, १० मेगाहर्ट्झवर मात्र ३५ वर्षं! एका लँडरने गुरूचे स्फोट, सूर्याचे स्फोट आणि आकाशगंगेचा वर्णपट मोजावा; विश्वाच्या अंधारयुगातला (पहिले तारे पेटण्याआधीचा) हायड्रोजन हे फार लांबचं काम आहे.

अँटेना ३ ते ५ मीटरचे चालतात (चीनच्या चांग'ई-४ लँडरवर ५ मीटरचे तीन आहेत). तरंगलांबीच्या मानाने हे फारच आखूड, म्हणून ५० ओहमची केबल सरळ जोडू नका. उच्च इनपुट रोधाचा प्रीअँप (पहिला वर्धक) अँटेनाच्या बुडाशीच बसवा. अँटेनाची धारिता ३० पिकोफॅरड आणि बुडाशी भटकी धारिताही तितकीच असेल, तर निम्मं व्होल्टेज तिथेच जातं. गुंडाळलेला अँटेना धरून ठेवणारी कळ प्रवासातल्या उन्हाच्या तापमानाला तपासून घ्या. रोलसेसचा एक अँटेना वाटेतच तापून कवचाबाहेर आला होता.

खरा शत्रू मात्र लँडरच. त्याचे स्विचिंग कन्व्हर्टर (व्होल्टेज बदलणारी, सतत चालू-बंद होणारी सर्किट्स) मोकळे सोडले, तर थंडीत त्यांची वारंवारिता सरकते आणि गोंगाट सगळ्या चॅनलांत (वारंवारितेच्या अरुंद पट्ट्यांत) पसरतो. सगळे कन्व्हर्टर एकाच घड्याळाला बांधा, आणि नमुने घेणारं घड्याळही तेच ठेवा. सेकंदाला १०.२४ कोटी नमुने आणि ४०९६ बिंदूंचा एफएफटी (नमुन्यांचा वर्णपट काढणारं गणित) घेतला, की चॅनल बरोबर २५ किलोहर्ट्झचा होतो. कन्व्हर्टर ५०० किलोहर्ट्झवर चालवले की त्यांचे गुणज दर विसाव्या चॅनलमध्ये पडतात. ते चॅनल टाकून द्या, पाचच टक्के जातात. एफएफटीआधी पॉलिफेज फिल्टर मात्र हवाच, नाहीतर गळती शेजारच्या चॅनलांत शिरते. नमुने घेण्याआधी ४५ मेगाहर्ट्झच्या वरचं छाटणारा फिल्टर लावा.

सूर्याचे स्फोट दिवसा मोजा, बाकीचं निरीक्षण रात्री करा. रात्री सूर्याचे स्फोट नसतात, सौर पॅनेलचे नियंत्रकही बंद असतात. २० वॅटचं उपकरण १४ दिवस सलग चालवायला ६.७ किलोवॅट-तास लागतात. बॅटरी किलोला १५० वॅट-तासांची धरली तर ती एकटीच ४५ किलोची. वजन परवडत नसेल तर दर तासातली काही मिनिटंच मोजा. प्रीअँपच्या इनपुटवर ज्ञात गोंगाटाचा स्रोत अधूनमधून जोडायची सोय ठेवा, कारण तापमान उतरतं तसं प्रीअँपचं वर्धन बदलतं.

पलीकडच्या बाजूवरून पृथ्वीकडे निरोप पोचवणाऱ्या रिले उपग्रहाशी बोलणारा ट्रान्समीटर मोजणीच्या वेळी बंदच असू द्या. चार अँटेना असतील तर प्रत्येकाचा स्वतःचा एक (४) आणि सहा जोड्यांचे प्रत्येकी दोन भाग (१२) मिळून १६ वर्णपट, प्रत्येकी २०४८ चॅनल, चार बाइटचा आकडा: मिनिटाला एक संच साठवला तर दिवसाचे १८९ मेगाबाइट होतात.